मामाच्या गाडीचं रबिंग

गाडीवर ओरखडा उठला की आपण म्हणतो, 'तो काढायला हवा'. पण ओरखडा म्हणजे रंगात पडलेला बारीक खड्डा, आणि खड्डा काढता येत नाही. काढतो आपण त्या खड्ड्याच्या आजूबाजूचा चांगला रंग. तो घासत घासत खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणला की सगळं सपाट होतं, प्रकाश सरळ परत येतो आणि आपण म्हणतो, ओरखडा गेला. पुण्यातले डिटेलिंगवाले याला 'पेंट करेक्शन' म्हणतात. आमच्याकडे श्रीपूरला 'रबिंग' म्हणतात. रबिंग हा शब्द जास्त खरा आहे असं माझं मत आहे, कारण त्यात करेक्शनचा आव नाही. घासणं आहे, ते घासणं म्हणूनच सांगितलंय.

हे सगळं मी शिकलो ते मामाची गाडी विकायची वेळ आली तेव्हा.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. नाव ऐकलं नसेल तर तुमची चूक नाही. गोव्याच्या सॅन मोटर्स नावाच्या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणलेली ही दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार. डिझाईन फ्रान्सचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. आजची कुठलीही बरी हॅचबॅक तिला घाटात सहज मागे टाकेल. फार थोड्या विकल्या गेल्या आणि मग गाडी बंदच पडली. पण बॉडी पत्र्याची नव्हती, फायबरची होती, आणि लाल होती. २००७ साली उसाचं बिल चांगलं आलं तेव्हा मामाने गोव्याहून सेकंडहँड आणली. मी अकरा वर्षांचा होतो. महाळुंग-श्रीपूरच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा आली त्या संध्याकाळी निम्मं गाव शेडपुढे उभं होतं. एका आजोबांनी विचारलं, "हिला वरचं झाकण कुठाय?"

विकायचं कारण मामीचे गुडघे. दोन्हींचं ऑपरेशन करायचं होतं. मामाने तीन दिवसांसाठी मला बोलावलं. "तुला त्या मशीनचं कळतं न्हवं? जरा चकाचक करून दे."

मला मशीनचं जेमतेम कळत होतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून एक डीए पॉलिशर घेतलं होतं, स्वतःच्या हॅचबॅकवर चालवलं होतं, एवढंच. पहिला दिवस नुसत्या धुण्यात गेला. ताडपत्रीखाली कितीही झाका, पाचट पेटवलं की काजळी कुठून तरी येतेच, आणि बोअरच्या क्षारांचे पांढरे गोल डाग कुठल्याही शाम्पूला दाद देत नाहीत. मग क्लेचा गोळा फिरवला, कडांना टेप लावली. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो; मशीन तिथे दोन सेकंद जास्त टेकलं तर रंग जळून खालचा प्रायमर दिसतो.

मग पहिला पास मारला आणि पॅड कुंकवात बुडवल्यासारखं लाल झालं. म्हणजे वर क्लिअरकोट नव्हताच. कधीतरी कुणीतरी साध्या रंगाने गाडी रंगवून घेतली होती.

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. आजकालच्या गाड्यांवर कारखान्यातून निघताना एकूण शंभर ते दीडशे मायक्रॉन रंग असतो. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअरकोट, पस्तीस ते पन्नास मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरच्या आसपास. म्हणजे आपण ज्या चकाकीवर भाळतो ती केसापेक्षा पातळ असते, आणि प्रत्येक रबिंगमध्ये तिचे काही मायक्रॉन कायमचे जातात. उन्हापासून रंगाला वाचवणारं रसायनही त्याच थरात. म्हणून शहाणे डिटेलर आधी जाडी मोजतात. मीही एक स्वस्तातलं मोजायचं यंत्र मागवलं होतं. ते गाडीला टेकवलं तर स्क्रीन कोरी. ही यंत्रं खालच्या धातूपासून अंतर मोजतात. फायबरवर ती आंधळी होतात. मी घासत होतो ते किती शिल्लक आहे हे न कळता. आणि फायबर उष्णता पसरू देत नाही, एका जागी धरून ठेवतं, म्हणून दर मिनिटाला हात लावून बघायचं.

नखाची परीक्षा मात्र कुठेही चालते. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं तर तो सोडून द्या. तो काढण्याइतका रंगच नसतो.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. उन्हात जुनी गाडी बघितली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. सगळ्यांना वाटतं, कुणीतरी गोल गोल पुसल्यामुळे ती पडली. तसं नाही. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना अस्ताव्यस्त पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे असतात तेवढेच चमकतात, आणि असे आडवे तुकडे दिव्याभोवती जमून वर्तुळ झाल्यासारखं दिसतं. तुम्ही दोन पावलं सरका, वर्तुळ तुमच्याबरोबर सरकतं. ओरखडे खरे असतात. वर्तुळ बघणारा आणि दिवा मिळून तयार करतात. ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला हीच गाडी निर्दोष दिसते.

मामाला हे ऑप्टिक्स माहीत नव्हतं, पण त्याने गिऱ्हाइकाला वेळ दिली होती संध्याकाळी साडेसहाची.

आता तड्याबद्दल. २०११ च्या हंगामात रात्री अकलूजहून येताना आमची गाडी रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला डाव्या अंगाने घासली. माझ्या भुवईवरचे तीन टाके त्या रात्रीचे. डावं फेंडर फुटलं. पाण्याच्या फायबर टाक्या दुरुस्त करणाऱ्या एकाने ते आतून सांधून दिलं, वरून लाल फवारा मारला. चौदा वर्षांत त्या सांध्यावर तळहाताएवढी जागा बारीक तड्यांनी भरली होती. मी तिथे हलक्या पॅडने हात फिरवला आणि तडे गायब झाले. खरं तर गायब झाले नव्हते. पॉलिशमधलं तेल त्यांच्यात भरलं होतं. बाजारात यासाठीच बनवलेली ग्लेझं मिळतात. आठवडाभर, दोन पाऊस, तेवढं टिकतं.

या धंद्यात यावर एक उपाय आहे आणि मला तो फार आवडतो. काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ फवारा मारून पुसायचं. तेल निघून जातं आणि आपण नेमकं किती केलं ते उघडं पडतं. हे गिऱ्हाइकासाठी नसतं, त्याला कळतही नाही. हे स्वतःसाठी असतं. आमच्या क्षेत्रात इतकी प्रामाणिक सवय मला अजून सापडलेली नाही.

मी फवारा मारला, पुसलं. तडे परत आले. मामा मागे उभा होता.

"पुसू नगंस ते," तो म्हणाला. "आरं, बैल बाजारात न्यायच्या आधी शिंगं साळत्यात का न्हाय? हिंगूळ लावत्यात का न्हाय? मग ती काय फसवणूक झाली?"

या प्रश्नाने मला दोन रात्री झोप दिली नाही. खिलार बैलांच्या मुलखात वाढलेल्या माणसाने दिलेलं उदाहरण होतं आणि ते बिनचूक होतं. शिंग साळणं म्हणजे अक्षरशः रबिंगच. वरचा खडबडीत थर तासून खालचा गुळगुळीत थर बाहेर काढायचा, आणि जास्त तासलं तर रक्त येतं. पण बाजारात साळलेली शिंगं बघून कुणी फसत नाही. साळतात हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्यालाही माहीत. तो शिंगाकडे कौतुकाने बघतो आणि मग जबडा उघडून दात मोजतो: आदत आहे, दोनदाती आहे, की जुळलेला. शिंग सजवायचं, दात तपासायचे. दाताला कुणी कानस लावली तर तो सगळ्या बाजारातून उठतो. म्हणजे माझा प्रश्न एवढाच होता की फेंडरचा तडा हा शिंग आहे की दात?

मामाच्या मते शिंग. गाडी चालायला तड्याने काही फरक पडत नाही. माझ्या मते दात. कारण या गाडीचं दुसरं फेंडर आज कुठेही मिळत नाही.

अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो, म्हणून असेल, पण पुढचं वाचून मला हसू आलं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नव्हे, असं हे कलम सांगतं, आणि उदाहरण घोड्याचंच देतं. एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत होतं, तो काही बोलला नाही: कपट नाही. मग दोन वळणं. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य होतं. आणि घेणारा जर म्हणाला, 'तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट समजेन', तर तिथली चुप्पी म्हणजे बोलणंच.

वाद त्याहूनही जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन सिसेरोने कर्तव्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात तो दोन ग्रीक तत्त्वज्ञांना याच मुद्द्यावर भांडायला लावतो. घर विकणाऱ्याला घरातले दोष माहीत आहेत. डायोजिनिस म्हणतो, न सांगणं आणि लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखंच आहे हे, किंबहुना वाईट, कारण इथे तुम्ही त्याला मुद्दाम चुकू देताय. सिसेरोचा कौल लपवणाऱ्याच्या विरुद्ध जातो. मी रात्री शेडमध्ये मोबाईलवर हे वाचलं आणि मला हवं ते उत्तर मिळाल्यासारखा झोपलो.

गिऱ्हाईक कोल्हापूरचं, माझ्याच वयाचं पोरगं. गाडी बघून त्याचा चेहरा असा झाला की मला माझी अकराव्या वर्षातली संध्याकाळ आठवली. साडेसहा वाजून गेले होते, ऊन कलतं होतं, गाडी निखाऱ्यासारखी दिसत होती. त्याने इंजिन ऐकलं, खालून वाकून बघितलं. फेंडरवरून हातही फिरवला. आणि मग मामाला नाही, मला म्हणाला, "दादा, तुम्ही काम केलंय, तुम्हाला माहितीय. काही असतं तर तुम्ही सांगितलं असतंच."

कलमातलं तिसरं उदाहरण, जसंच्या तसं.

मी बाटली उचलली, फवारा मारला, पुसलं आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. ट्रॉलीची गोष्ट सांगितली. भुवईही दाखवली. तो बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला. गाडी घेतलीच त्याने, पण ठरलेल्यात चाळीस हजार कमी करून.

मला त्या क्षणी स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हे लिहून ठेवायला हवं.

रात्री जेवताना मामा काही बोलला नाही. हात धुताना म्हणाला, "खरं बोललास, चांगलं केलंस. पर माझ्या पैशानं बोललास."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि पूर्ण उत्तर अजूनही नाही. ऑफिसात आम्ही प्रत्येक रिलीजबरोबर माहीत असलेल्या चुकांची यादी देतो. त्यात मला कधी धैर्य लागलेलं नाही, कारण त्या यादीची किंमत कंपनी भरते. आपलं बरंचसं खरेपण असं दुसऱ्याच्या खात्यातून गेलेलं असतं का? गाडी मामाची, गुडघे मामीचे, आणि शब्द माझा. त्या पोराचा विश्वास माझ्यावर होता म्हणून बोलणं माझं कर्तव्य होतं, हे मी आजही मानतो. त्या पोराला फसवून मामाचे चाळीस हजार वाचवायचा अधिकार मला नव्हता. पण ते आपल्या मर्जीने सोडून द्यायचा अधिकार तरी कुठून आला होता?

मी कलम १७ परत उघडलं. या वेळी घोड्याच्या दुसऱ्या उदाहरणाशी थांबलो. नातं असेल तर सांगावं लागतं. आदल्या रात्री माझं ठरलं होतं. उद्या त्याने विचारलं तर मी दाखवणार. शेडमध्ये मामा तीन फुटांवर खाट टाकून झोपला होता. मी त्याला उठवून सांगू शकलो असतो. तो चिडला असता, कदाचित मला पुण्याला हाकलला असता, कदाचित स्वतःच किंमत आधी कमी करून मोकळा झाला असता; माल त्याचा होता, ठरवणं त्याचं होतं. मी त्याला ती संधी दिली नाही. गिऱ्हाइकापासून काही लपवायचं नाही या नादात मी मामापासून लपवलं. सिसेरो वाचताना अख्ख्या वेळात मला फक्त विकणारा आणि घेणारा दिसत होते. मी टॉर्च कुठे धरलाय, तेवढंच दिसत होतं.

महिन्याभराने मी चाळीस हजार मामाला पाठवले. त्याने परत केले नाहीत. मामीचा एक गुडघा त्या उन्हाळ्यात झाला, दुसरा दिवाळीनंतर. पैसे पाठवल्याने हिशोब मिटला की मी आपलं बरं वाटणंच पुन्हा एकदा विकत घेतलं, यावर माझं आणि माझ्या बायकोचं एकमत नाही.

परवा त्या पोराने फोटो पाठवला, आंबोलीच्या पावसात उभी असलेली गाडी. मी मामाला दाखवला. त्याने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा करत डाव्या फेंडरपाशी नेला, आणखी मोठा केला, सगळं धूसर होईपर्यंत.

"दिसत न्हाय रं," म्हणाला आणि फोन परत दिला.