विहीर कोणाची, पाणी कोणाचे?



मे महिना आला की आपल्या वसईतली घरे भरतात. मुंबईहून भाचरंडे येतात, लग्नांचे मांडव पडतात, अंगणात मसाल्याच्या मिरच्या वाळतात, संध्याकाळी आळीतल्या क्रुसाजवळ पवित्र मरियेच्या जपमाळेला माणसे जमतात. याच महिन्यात विहिरींचा तळ दिसू लागतो. मग जपमाळ संपली की ओट्यावर विषय निघतो: अमक्याने टँकरला पाणी दिले. ‘दिले’ म्हणजे विकले. आवाज चढतात, आणि शेवटी “त्याची विहीर आहे, तो बघून घेईल” असे म्हणून मंडळी घरी जातात.

या वाक्यापाशी आज जरा थांबू या.

विहीर त्याची आहे यात शंका नाही. आजोबांनी खणली, वडिलांनी बांधून काढली. कायदाही बराचसा त्याच्याच बाजूचा. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टने जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने त्यावर काही बंधने घातली, एवढेच. पण कायद्याने चालते ते सगळेच न्यायाचे असते का?

आपल्या हद्दीत लावलेल्या माडाचा नारळ आपला. पाण्याला मात्र कुंपण कळत नाही. आपल्या किनारपट्टीत पावसाचे गोडे पाणी रेताड जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. एका वाडीतून ते बेसुमार उपसले की खालचे खारे पाणी वर चढते, आणि ते शेजारच्या विहिरीतही चढते. शेजाऱ्याच्या केळीची पाने कडेने करपू लागतात. त्याने तर एक बादलीही विकलेली नसते. विहीर एकदा मचूळ झाली की पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. मग टँकरमध्ये गेलेल्या पाण्यात शेजाऱ्याचा वाटा किती होता, हे कोण मोजणार?

रहाटाच्या काळी हा प्रश्न एवढा टोकाला गेला नव्हता. पूर्वजांना लोभ नव्हता असे नाही (होता, वाटणीची जुनी भांडणे आठवा!), पण रहाट ओढणारे जनावर दमत असे. ते थांबले की विहिरीला विसावा मिळे. पंप दमत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी आणि वापर यांत फरक केला. माणसाने वस्तू स्वतःची म्हणून सांभाळणे योग्य आहे, कारण स्वतःच्या वस्तूची काळजी तो अधिक घेतो. पण वापरताना ती सर्वांची समजावी आणि गरजवंताला सहज द्यावी. पिण्याचे शुद्ध पाणी मिळणे हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले.

पण इथेच खरी अडचण आहे. टँकरचे पाणी पिणारी माणसेही माणसेच आहेत. चौथ्या मजल्यावरच्या बाईला नळाची वाट पाहून बाळाचे दूध करायचे असते. तीही आपली शेजारीण आहे. आणि पाणी विकणाऱ्याला सैतान ठरवणेही बरोबर नाही. भाजीला भाव नाही, मुलांची फी भरायची आहे, आणि टँकरवाला रोख पैसे देतो. म्हणून ‘थेंबही बाहेर जाऊ देऊ नका’ ही घोषणा आम्हांला ख्रिस्ती वाटत नाही. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. तो परका होता आणि त्याच्याजवळ पोहराही नव्हता. तहानेला जात, गाव विचारता येत नाही. मात्र सगळे टँकर तहानेसाठी जात नाहीत. बांधकामाला जाणारे पाणी, रिसॉर्टच्या तलावात मे महिन्यातल्या सहलकऱ्यांसाठी भरले जाणारे पाणी ही तहान नव्हे. तिथे शेजाऱ्याची केळी वाळवून पैसे घेणे, हा आमच्या मते सातव्या आज्ञेचा प्रश्न आहे, मग पावती असो वा नसो.

उत्पत्तीच्या पुस्तकात गरारच्या गुराख्यांनी “पाणी आमचे” म्हणून इसहाकाच्या विहिरींवरून भांडण काढले, तेव्हा तो पुढे सरकत गेला आणि नवी विहीर खणत राहिला. आपण कुठे सरकणार? पश्चिमेला समुद्र आहे, पूर्वेला इमारती.

राहता राहिली बावखले. हीच आपल्या विहिरींना पाझर देत आली. कित्येक भराव टाकून बुजवली गेली. उरलेल्यांत गाळ साचला आहे. तो काढायचा तर पावसाआधी. खर्च बावखल ज्याच्या जागेत आहे त्याने एकट्याने करायचा, की ज्यांच्या विहिरींना पाझर जातो त्या सर्व घरांनी, हे प्रत्येक आळीने याच महिन्यात बसून ठरवावे.