जामीन

मुलीकडची मंडळी स्थळ पाहायला जातात तेव्हा पैशाचा प्रश्न कधीच पहिला नसतो. आधी प्रवास कसा झाला, मग पाऊसपाणी, मग दोन्हीकडच्या ओळखीतले एखादे आडनाव. आणि चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता, जणू आत्ताच सुचले अशा स्वरात कोणी तरी वडीलधारे विचारतात, "चिरंजीवांच्या हातात महिन्याकाठी पडतात किती?"

मला हा प्रश्न नेहमी बोचत आला आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, शिक्षण मॅट्रिकपुरतेच, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या नायिका फाटक्या नायकाच्या गळ्यात बेधडक माळ घालतात आणि तिथेच शेवटचे प्रकरण संपते. पुढच्या महिन्याचे वाणसामान कोणी भरले हे मी आजवर कधी लिहिले नाही. तेव्हा अमेरिकेच्या सरकारने हाच प्रश्न आमच्या भाचीच्या नवऱ्याला विचारला, आणि तोही चहा न देता, तेव्हा मी संतापलो यात नवल ते काय?

भाचीचे लग्न २०२३ च्या मे महिन्यात साताऱ्याला झाले. जावई न्यू जर्सीत जन्मलेला, तिथलाच नागरिक. मराठी छान बोलतो, फक्त 'ळ' आला की जरा थांबतो. नोकरी सोडून तो नर्सिंगचा अभ्यास करू लागला होता आणि एका दुकानातल्या अर्धवेळ कामावर भागवत होता. पत्नी या नात्याने भाचीला तिथे कायम राहण्याचा परवाना, ज्याला सगळे ग्रीन कार्ड म्हणतात, मिळायचा तर नवऱ्याने एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. घरातली माणसे मोजून सरकारने जी दारिद्र्यरेषा आखली आहे, तिच्या सव्वापट तरी आपले उत्पन्न आहे हे त्यात दाखवायचे असते. दोन माणसांच्या घराला २०२५ साली हा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. जावयाचे सहा हजार कमी पडत होते. जितके कमी पडतील त्याच्या तिप्पट मालमत्ता दाखवली तरी चालते म्हणे. म्हणजे अठरा हजार! गाठीला अठरा हजार असते तर बिचारा दुकानात खोकी कशाला उचलत बसला असता?

हा आकडा आला तरी कुठून, याच्या मी मागे लागलो. मास्तर माणसाला ही खोड असतेच. तेव्हा कळले की या रेषेचे मूळ मॉली ओर्शान्स्की नावाच्या एका बाईंच्या हिशेबात आहे. त्या तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्यात होत्या, आणि स्वतः परदेशातून आलेल्या आईबापांच्या गरीब घरात वाढलेल्या. १९६३ च्या सुमारास त्यांनी अगदी काटकसरीच्या जेवणाचा वर्षाचा खर्च घेतला आणि त्याला तिनाने गुणले, कारण १९५५ च्या एका पाहणीत कुटुंबाच्या मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जात असल्याचे दिसले होते. पुढे भाववाढीप्रमाणे आकडा वाढत गेला इतकेच. आपल्याकडेही पुण्यात दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली गरिबीचे माप काढले ते माणसाच्या पोटात दिवसाला २,२५० उष्मांक जाण्याचा हिशेब धरूनच. एवढ्या भारदस्त परदेशी कागदाच्या तळाशी शेवटी पोळीभाजीच सापडली, म्हणून माझा राग थोडा निवला. साताऱ्याच्या बैठकीत माझ्या मेहुण्यांनी तरी दुसरे काय विचारले होते?

एक फरक मात्र आहे. बाप विचारतो तो लेकीच्या काळजीने. सरकार विचारते ते तिजोरीच्या काळजीने. येणारा माणूस सरकारच्या गळ्यात पडू नये ही धास्ती त्यांच्या कायद्यात १८८२ पासून आहे. मी हे मोठ्या तावातावाने घरात बोलून दाखवले, आणि त्या कागदाची एक अटही वाचून दाखवली. नवऱ्याने दिलेले हे वचन घटस्फोट झाला तरी सुटत नाही! ती तिथली नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची तिच्या नावावर नोंद होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडून जाईपर्यंत, नाही तर दोघांतले एक जाईपर्यंत ते बांधलेले राहते. आणि त्याने हात आखडला तर ती त्याला न्यायालयात खेचू शकते.

पत्नी मटार सोलत होती. ती म्हणाली, "असा कागद आमच्या मावशीच्या लग्नात लिहून घेतला असता, तर तिने भावाच्या ओसरीवर तीस वर्षे काढली नसती."

यावर मला उत्तर सुचले नाही. मावशींच्या यजमानांनीही भटजींमागून 'नातिचरामि' म्हटलेच असणार. धर्माइतकाच अर्थही त्या वचनात आहे. पण त्याचा जाब विचारायला मावशी कुणाकडे जाणार होत्या? पोटगीचा कायदा होता, पण त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हा तिजोरीच्या काळजीने का होईना, सरकारने जे लिहून घेतले ते बाईच्या उपयोगी पडणारे होते हे मला कबूल करावे लागले. मात्र ज्याची ऐपतच नाही त्याच्या बायकोने काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला. प्रेम स्वस्त आहे म्हणून ते खोटे आहे असे थोडेच आहे?

कायद्याने त्यावर वाट ठेवली आहे. नवऱ्याची सही तर हवीच, पण जोडीला तिथल्याच दुसऱ्या कुणी, आपल्या घरात ही मुलगी एक माणूस जास्त धरून, तीच हमी द्यावी. जावयाचे चुलते तिथे पस्तीस वर्षे आहेत, स्वतःचे घर आहे. सगळ्यांनी गृहीत धरले. दोन आठवडे गेले तरी त्यांची सही येईना, तेव्हा मी मामा या अधिकाराने फोन केला.

ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, उद्या या दोघांचे पटले नाही, तरी मी बांधलेला. पुतण्याला मी ओळखतो. मुलीशी मी एकदाही बोललेलो नाही. माझ्या जागी तुम्ही केली असती सही?"

"अर्थात!" मी म्हणालो.

हे मी इतक्या चटकन म्हणालो की फोन ठेवल्यावर माझी मलाच शंका आली. २०११ साली आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याला थोरल्या मुलीच्या लग्नासाठी पतपेढीचे कर्ज हवे होते. दोन जामीनदार लागत. एक मिळाला होता. दुसऱ्या सहीसाठी ते मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले, अर्ज माझ्या रंगपेट्यांच्या शेजारी ठेवला. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो." घरी मी विचारले नाही. त्यांनी हप्ते थकवले तर माझ्या पगारातून कापतील, एवढेच माझ्या डोळ्यांपुढे होते. चौथ्या दिवशी त्यांनी अर्ज परत नेला. एक शब्द बोलले नाहीत. पैसे सावकाराकडून उचलले असे मागाहून कळले. त्यांनी माझ्याजवळ रोख दोन हजार मागितले असते तर मी दिले असते, परत आले नसते तरी फारसे मनाला लावून घेतले नसते. पण देणारा एकदा देतो आणि मोकळा होतो. जामीन राहणाऱ्याला दुसऱ्याच्या उद्याशी आपला उद्या बांधावा लागतो, आणि तेवढा विश्वास माझ्याजवळ शिल्लक नव्हता. त्यांच्या घरची काय ओढाताण आहे, हे मी विचारलेसुद्धा नव्हते.

चुलत्यांनी निदान विचारले. एका रविवारी त्यांनी भाचीला फोन करून तासभर बोलून घेतले. तिथे येऊन काय करणार, चार पैसे स्वतः मिळवायचे मनात आहे का, रागावली की अबोला धरते की भांडते, हेही. भांडते, असे तिने सांगितले. त्याच आठवड्यात सही आली, आणि वर्षाअखेरीस भाची गेली.

ते सहकारी आता निवृत्त आहेत. परवा मंडईत भेटले. भेंडी निवडत होते.

"भाची गेली म्हणे तुमची अमेरिकेला?" त्यांनी विचारले. "फार कागद लागतात म्हणतात. कुणी तरी मागे उभे राहावे लागते."

"राहिले एकजण," मी म्हणालो.

"बरे झाले," ते म्हणाले, आणि एक जून भेंडी मोडून पाहून त्यांनी बाजूला टाकली.