खड्डा आधी

गेल्या वर्षी मे महिन्यात मी धुळ्याहून जळगावला तीन गुलाब आणि एक आई आणली. वाक्य असं लिहिताना लाज वाटते, पण माझ्या मोबाईलमधल्या यादीत ते जवळपास असंच होतं. गॅस सिलिंडर, कपाट, देवघर, गुलाब (३), आईच्या गोळ्या. यादीतली एकेक ओळ पूर्ण झाली की मी तिच्यापुढे बरोबरची खूण करत होते.

आप्पा फेब्रुवारीत गेले. भाऊ पुण्यात, मी जळगावात नोकरीला, आणि देवपुरातल्या घरात आई एकटी. तिने एकटं राहू नये यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. सगळ्यांचं म्हणजे आईला सोडून सगळ्यांचं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. घराला गिऱ्हाईक लगेच मिळालं. खरेदीखताची तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्यातली ठरली, कारण मला रजा तेव्हाच मिळत होती.

अंगणात आप्पांनी लावलेले तीन गुलाब होते. एक गावठी, दोन नर्सरीतून आणलेले कलमी. नव्या मालकाला तिथे गाडी लावायची होती, म्हणून मी म्हणाले, "गुलाब आपण घेऊन जाऊ."

आई म्हणाली, "दसऱ्यानंतर हलवू. या उन्हात जगायचे नाहीत."

"तोपर्यंत घर आपलं नसेल, आई."

ती पुढे काही बोलली नाही.

गुलाब हलवायची रीत अवघड नाही. मी ती वाचली होती, पण नीट समजून घेतली ती नंतर. झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नाही, त्यांच्या टोकाशी असलेल्या केसासारख्या बारीक मुळांनी. झाड कितीही जपून उपटलं तरी यातली बरीचशी मुळं जुन्या जमिनीत तुटून राहतात. वर पानं मात्र तेवढीच असतात आणि ती पाणी उडवत राहतात. म्हणून आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यायचं, मुळांभोवती मातीचा गोळा राखून झाड काढायचं, गोणपाटात बांधायचं आणि वरचा भाग निर्दयपणे छाटायचा. खाली जेवढं गमावलं, तेवढं वरूनही कमी करायचं. कळ्या तर ठेवायच्याच नाहीत. मूळ धरेपर्यंत खताची घाई नाही. पहिले काही दिवस सावली.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नवा खड्डा आधी तयार हवा. दीड-दोन फूट खोल, शेणखत घातलेला. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून थोडी वाळूही. जुन्या जागेवर कुदळ मारायची ती त्यानंतर.

मी खड्डा केला नव्हता. पिंप्राळ्यातल्या माझ्या घरामागे चार पावलांची मोकळी जागा आहे, तेवढ्यावर मी निश्चिंत होते. 'छोटा हत्ती' भरदुपारी पारोळा, एरंडोल करत जळगावात शिरला, तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकलेला. धुळे ते जळगाव अंतर जेमतेम ९०-९५ किलोमीटर, पण मागे उघड्यावर उभ्या गुलाबांना ते किती वाटलं असेल कोण जाणे. मेमधली काळी जमीन दगडासारखी होते. कुदळ आदळून उडायची. माणूस मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि गुलाब गोणपाटात ओट्यावर पडून राहिले. त्यांच्यावर सहा-सात कळ्या होत्या. आई दोनदा म्हणाली, "कळ्या तोड." मला तोडवेना. नव्या घरात आल्या आल्या फुलं दिसावीत, आईला बरं वाटेल, असं माझ्या मनात होतं.

त्याच दोन दिवसांत आईचे खोकेही हॉलमध्ये पडून होते. तिच्यासाठी ठरवलेल्या खोलीत माझं ऑफिसचं टेबल, इस्त्रीचे कपडे आणि बंद पडलेला कूलर होता. ती खोली रिकामी व्हायला महिना लागला. तोवर आई दिवाणावर झोपली आणि रोज सकाळी कोणी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवत राहिली, पाहुण्यासारखं.

कळ्या उमलल्या नाहीत, देठावरच वाळल्या. एक कलमी गुलाब आठ दिवसांत गेला. गावठी गुलाबाने सगळी पानं टाकली, मेल्यासारखा उभा राहिला आणि जुलैच्या पावसात बुंध्यापासून फुटला. तिसऱ्यालाही तेव्हाच हिरवे फुटवे आले. मी आनंदाने आईला हाक मारली. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा तो नाही."

कलमी गुलाब म्हणजे खरं तर दोन झाडं असतात. खाली रानगुलाबाचा खुंट, त्यावर डोळा भरून वाढवलेला आपल्या पसंतीचा गुलाब. वरचा गुलाब वाळला होता. फुटवे डोळ्याच्या जागेखालून, खुंटावरून आले होते. झाड जगलं होतं, पण आप्पांनी ज्याच्यासाठी ते आणलं, तो लाल गुलाब आता त्यात नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. कोणाला वाचवण्यासाठी हलवलं आणि तो जगला, एवढ्यावर हलवणं बरोबर ठरतं का?

आई जगते आहे. बीपी ताब्यात आहे, वेळेवर जेवते, भावाला व्हिडिओ कॉलवर "मी मजेत" म्हणते. पण देवपुरात ती गल्लीतल्या चार जणींची पंच होती, भाजीवाल्याशी भांडायची, कोणाच्या घरी काय शिजतंय ते तिला वासावरून कळायचं. इथे ती मला विचारून पंखा लावते. धुळ्यात तिच्या तोंडी अहिराणी असायची. इथे शेजारी वेगवेगळ्या गावांचे, म्हणून ती जपून पुस्तकी मराठी बोलते. खालून काहीतरी फुटलं आहे आणि ते हिरवं आहे. ते काय आहे, हे मात्र मला ओळखू येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय करायचं होतं? सत्तरीच्या बाईला एकटं सोडायचं? प्रश्न रास्त आहे, आणि मी तो स्वतःला रोज विचारते. शिवाय जागा बदलणं हे काही पाप नाही. गुलाब तर फांदी तोडून लावला तरी येतो. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, लग्न होऊन जळगावला आल्या. आईसुद्धा शिरपूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन धुळ्याला आलेली. मी तिला एकदा तेच म्हणाले, तेव्हाही तू रुळलीसच ना? ती हसून म्हणाली, "माले तवय बी कोनी इचारं नही."

त्या हसण्याने माझा युक्तिवाद संपला. जे रुजले त्यांच्याकडे बोट दाखवून उपटण्याची पद्धत योग्य ठरवता येत नाही. जे वाळले, ते सांगायला उरलेले नसतात.

हा प्रश्न माझ्या अंगणापेक्षा मोठा आहे, आणि आमच्या धुळे जिल्ह्याला तो चांगला ठाऊक आहे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. त्याआधी अक्राणी आणि अक्कलकुवा हे सातपुड्यातले तालुके धुळ्यातच होते. सरदार सरोवरासाठी महाराष्ट्रातली जी ३३ गावं बाधित ठरली, ती याच भागातली. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पाणी चढण्याच्या एक वर्ष आधी जमीन आणि घराची जागा मिळाली पाहिजे. म्हणजे खड्डा आधी. माळ्याला जे कळतं, ते लवादाला कळलं होतं. प्रत्यक्षात १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं, तेव्हा अनेकांचं नवं ठिकाण ठरलेलंही नव्हतं. पुढे तळोदा तालुक्यात वसाहती झाल्या, काहींना जमिनी मिळाल्या, काही वर्षानुवर्षं वाट पाहत राहिले. तारीख ठरली ती भिंतीच्या उंचीवरून. माझी ठरली होती रजेवरून. दोन्हींत फरक प्रचंड आहे, ते दुःख मी माझ्या दुःखाशेजारी बसवू पाहत नाही. पण हलवणाऱ्याच्या सोयीने वेळ ठरते आणि हलणाऱ्याने ती सोसायची, ही सवय मला दोन्हीकडे एकच दिसते.

माणूस झाड नाही, हेही खरं. गुलाबाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत आपण ऋतू बघतो, माती बघतो, अंदाज घेतो. माणसाला विचारता येतं, आणि बहुधा म्हणूनच आपण तेवढाही अंदाज घेत नाही. आम्ही आईला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. तिच्या 'नाही'ने काहीही बदलणार नसेल, तर तो प्रश्न नसतोच. आणि तिने तर 'नाही' म्हटलंही नव्हतं. दसऱ्यानंतर, एवढंच म्हणाली होती. चार-पाच महिने. त्या घरात आप्पांशिवाय एक पावसाळा. खरेदीखत पुढे ढकलता आलं असतं, मी दर शनिवारी जाऊ शकले असते. ती गुलाबांबद्दल बोलतेय, असंच मला वाटलं होतं.

रानगुलाबाचे फुटवे मी काढून टाकणार होते, पुस्तकात तसं सांगतात. आई म्हणाली, "राहू दे, त्याने मूळ धरलंय." तो वाढतो आहे. फूल अजून नाही, आणि मी विचारतही नाही.

परवा भावाचा फोन आला. पुण्यात नवा फ्लॅट झालाय, आईला सहा महिने तिकडे नेतो म्हणाला. मी फोन स्पीकरवर टाकला, आईसमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. बराच वेळ आतून ऐकत होते. शेवटी आईचा आवाज आला, धुळ्यातल्यासारखा, चढा.

"आधी सांग, माझी खोली कोणती?"