हक्क की मेहरबानी?

डिसेंबर २००७ मध्ये आपल्या संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा मंजूर केला. साठी ओलांडलेल्या माणसाला सरकारी रुग्णालयात शक्यतोवर खाट मिळावी, त्याच्यासाठी वेगळी रांग असावी, असे या कायद्याच्या विसाव्या कलमात लिहिलेले आहे. त्यानंतर एका वर्षाने, २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये त्याच लोकसभेने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे ज्याला आपण सारे 'यूएपीए' म्हणतो त्यात, दुरुस्ती केली. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटतो असे न्यायालयाला दिसले तर जामीन द्यायचा नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. सभागृह तेच, बाकेही तीच. एका कायद्यात म्हातारा माणूस आदराला पात्र आहे, दुसऱ्या कायद्यात त्याला वयच नाही.

हे दोन कायदे एकाच माणसाच्या देहावर येऊन भेटले तर काय होते? आजारी, थकलेला, पण दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलेला म्हातारा: त्याचा औषधोपचार हा त्याचा हक्क आहे की राज्याची मेहरबानी? आणि त्या उपचाराचे पैसे कोणी द्यायचे? प्रश्न पुस्तकी वाटेल, पण त्याची परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झालेली आहे.

कर्जत-खालापूरकडची माणसे आपल्या वृद्धांना मोठ्या तपासणीसाठी पनवेल, नवी मुंबईच्या दिशेने नेतात. तळोजा मध्यवर्ती कारागृह त्याच दिशेला, रायगड जिल्ह्यातच आहे. एल्गार परिषद प्रकरणात पकडलेले फादर स्टॅन स्वामी तिथे होते. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून त्यांना अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता, म्हणून त्यांनी नळीचा पेला मागितला. एवढ्याशा वस्तूसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला आणि उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागून घेतली. मे २०२१ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्याची परवानगी दिली, तीही स्वखर्चाने. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची सुनावणी असलेल्या दिवशीच, खटला उभा राहण्याआधी त्यांचे निधन झाले.

त्याच तुरुंगात, त्याच प्रकरणात तेलुगू कवी वरवरा राव होते. नोव्हेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना नानावटी रुग्णालयात हलवले आणि खर्च राज्य सरकारने करावा असे सांगितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन मिळाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तिसरे गौतम नवलखा. त्यांनी प्रकृतीमुळे नजरकैद मागितली, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मिळाली, आणि पुढे त्यांच्यावर ठेवलेल्या पहाऱ्याचे बिल त्यांच्यापुढे आले. तपास यंत्रणेचा आकडा १ कोटी ६४ लाख रुपयांचा होता. मे २०२४ मध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने २० लाख रुपये भरायला सांगितले.

तुरुंग एक, कायदा एक, तिघेही उतारवयातले. पण एकाचा खर्च सरकारने उचलला, दुसऱ्याने स्वतः केला, तिसऱ्याला तर पहारेकऱ्यांचेही पैसे द्यावे लागले. नवलखांनी नजरकैद स्वतःच मागितली होती, तेव्हा तिचा खर्चही त्यांनीच द्यावा, असे कोणी म्हणेल. व्यवहाराला धरून आहे. पण ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्या म्हाताऱ्याने काय मागायचे? एकाच परिस्थितीतल्या माणसांना जेव्हा वेगवेगळे मिळते, तेव्हा ते हक्क म्हणून मिळत नसते. ते नशीब असते, नाहीतर मेहरबानी.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जन्मठेपेच्या गुन्ह्यातही आजारी किंवा दुर्बल आरोपीला न्यायालय जामीन देऊ शकते, अशी सवलत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या २००२ च्या कडक कायद्यातसुद्धा आजारी व दुर्बल माणसासाठी हीच सवलत लिहिलेली आहे. यूएपीएच्या जामीनबंदीच्या कलमात मात्र ती ओळ नाही. पैशाच्या अफरातफरीचा आरोप असलेला आजारी असू शकतो, दहशतवादाचा आरोप असलेला जणू आजारी पडूच शकत नाही! मग म्हाताऱ्याला उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. १ फेब्रुवारी २०२१ च्या नजीब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, खटला फार रेंगाळला तर हे कलम असूनही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे म्हटले. दिलासा आहे. पण रेंगाळणे हे तरुणाच्या घड्याळाने मोजायचे की ऐंशी वर्षांच्या माणसाच्या?

संसदेत यावर चर्चा होत नाही असे नाही. पोटा कायदा राज्यसभेने फेटाळला म्हणून २६ मार्च २००२ रोजी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावली गेली. स्वतंत्र भारतातली ती तिसरीच अशी बैठक. ४२५ विरुद्ध २९६ मतांनी कायदा झाला आणि २००४ मध्ये रद्दही झाला. २ ऑगस्ट २०१९ रोजी राज्यसभेने १४७ विरुद्ध ४२ मतांनी यूएपीएत आणखी एक दुरुस्ती केली, एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याची. रुग्णालयांच्या खर्चावरही सभागृहात बोलले जाते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे. पण एक विषय 'कल्याण' या मथळ्याखाली येतो, दुसरा 'सुरक्षा' या मथळ्याखाली. दोन मथळ्यांच्या मध्ये जो म्हातारा पडतो, तो कोणाच्याच भाषणात येत नाही.

बाहेर मोकळ्या असलेल्या म्हाताऱ्याची स्थिती तरी काय आहे? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून "पुढे न्या" म्हटले की गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, बाहेरून आणायची औषधे हे सारे सुरू होते. खालापूरच्या डोंगरातल्या वाडीवरून तर म्हाताऱ्याला आधी झोळी करून रस्त्यापर्यंत आणावे लागते. कागदावरचा हक्क त्या झोळीच्या खांद्यांवर तोलला जातो.

या बाबतीत न्यायालयाने फार पूर्वीच निःसंदिग्ध शब्दांत सांगून ठेवले आहे. बंगालमधला हकीम शेख नावाचा शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्च झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली आणि पैसे नाहीत ही सबब जीव वाचवण्याच्या कर्तव्यात राज्याला सांगता येणार नाही, असे बजावले. त्याआधी १९८९ च्या परमानंद कटारा निकालात, समोरचा जखमी निर्दोष असो की गुन्हेगार, डॉक्टरने आधी जीव वाचवावा, असे ठरले होते. हे दोन निकाल एकत्र वाचले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जो मोकळा आहे त्याच्याबाबत राज्याचे एवढे कर्तव्य असेल, तर ज्याचे स्वतःहून दवाखान्यात जाण्याचे पायच राज्याने काढून घेतले आहेत, त्याच्याबाबत ते कमी कसे होईल? ते वाढलेच पाहिजे.

यावर आक्षेप येतो आणि तो टाळू नये. बॉम्बने मेलेल्यांचेही म्हातारे आईबाप आहेत, त्यांचे काय? ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये १८० हून अधिक माणसे गेली. त्यांच्या दुःखाला किंमत आहेच, आणि खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी. वय म्हणजे निर्दोषत्व नव्हे. पण याच खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, तरी सुटलेल्यांना परत आत धाडले नाही. बारापैकी एक जण निकालाच्या चार वर्षे आधी तुरुंगातच वारला होता. एकोणीस वर्षांत त्या घरांतले आईबाप कुठल्या कुठे गेले असतील! मेलेल्यांच्या घरी न्याय पोचला नाही आणि पकडलेल्यांच्या घरी वेळ परत आला नाही. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे यासाठीच पुनःपुन्हा म्हणायचे. आपल्या माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर मारले गेले तेव्हा तेव्हाच्या सरकारी दप्तरात ते गुन्हेगारच होते. मी कोणाची कोणाशी तुलना करत नाही. राज्याचा शब्द शेवटचा नसतो, एवढेच म्हणतो.

आपल्याकडे या प्रश्नाला जुना शब्द आहे. आजाऱ्याची इयादत हा त्याचा आपल्यावरचा हक्क मानला गेला आहे, आपला एहसान नव्हे. कुरआनच्या 'इन्सान' या सूरेत मिस्कीन आणि यतीम यांच्या जोडीला कैद्यालाही जेवू घालण्याची गोष्ट येते. तो कैदी त्या काळी बहुधा लढाईत पकडलेला शत्रूच असणार. आणि त्याबद्दल मोबदला नको, शुक्रियाही नको, अशी तिथे भूमिका आहे. म्हणजे कैद्याच्या अन्नाचे बिल नाही. हा नियम एका धर्माच्या माणसांपुरता ठेवायचा नाही. तळोज्यातला तो म्हातारा पाद्री होता.

म्हणून संसदेला एक प्रश्न विचारावा तसा आपल्या मोहल्ल्यालाही विचारावा. एखाद्या चाचांच्या ऑपरेशनसाठी जमातीत वर्गणी मागितली की नमाज सुटल्यावर रुमालात नोटा पडतात. नेरळ असो की खोपोली, आपण यात मागे नाही. पण त्याच चाचांचा मुलगा एखाद्या कडक कायद्याखाली आत असेल तर? "भाईजान, आपल्याला कशाला लफडं?" असे म्हणत तेच हात खिशात राहतात. चाचांचा रक्तदाब तोच, गुडघा तोच. बदलली ती आपली भीती. भीती खोटी नाही. पण जी मदत भीती बघून थांबते, ती आधीही हक्क म्हणून दिलेली नव्हती, मेहरबानीच होती. सरकारवर जो आरोप आपण ठेवतो, तोच आपल्यालाही लागू पडतो.

मागणे फार मोठे नाही. यूएपीएत आजारी आणि दुर्बलांसाठीची ती ओळ यावी. ती इतर कायद्यांत आहेच. कोठडीतल्या माणसाच्या उपचाराचा सारा खर्च, त्याच्याजवळ पैसे असोत वा नसोत, राज्याने करावा. दोषी ठरला तरीही, कारण शिक्षा तुरुंगाची असते, आजाराची नसते. आणि ज्या घरातला माणूस आत आहे त्या घरातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याची गाडी आधीसारखीच निघावी. पहिल्या दोन गोष्टींसाठी दिल्लीत बहुमत लागेल. तिसरीसाठी कोणाच्याही मताची गरज नाही.