शेवटचे कोण?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की रविवारच्या मिस्सानंतर चहा घेताना सहलीचा विषय निघतोच. मोठी माणसे लोणारचे सरोवर सुचवतात, कोणी वेरूळ म्हणते. पोरांचे मात्र एकच पालुपद असते, इमॅजिका! खोपोलीजवळचे हे उद्यान २०१३ साली सुरू झाले आणि हळूहळू आमच्या देऊळगाव राजातही त्याचे वेड येऊन पोहोचले. आमच्या पिढीने गोराईचे एस्सेलवर्ल्ड पाहिले ते फक्त दूरदर्शनच्या जाहिरातीत. आमचा पाळणा म्हणजे दसऱ्याच्या सुमारास बालाजी महाराजांच्या यात्रेत येणारा आकाशपाळणा. मुठीत पैसे धरून उभे राहायचे, पाळणा थांबला की बसायचे. त्याला कसले नियोजन?

इमॅजिकाला मात्र नियोजन लागते, हे आम्हांला काही वर्षांपूर्वी कळले. आम्ही चार घरची चौदा माणसे निघालो होतो. त्यांत एक सत्तरीच्या आजी आणि पाच वर्षांची एक भाची. अभियांत्रिकीला शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने वहीच्या कागदावर दिवसाचा आराखडाच काढला होता, आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. दरवाजे उघडतात ते सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास. पण आपण तासभर आधी दाराशी हजर असावे. आत शिरताच बहुतेक लोक फोटो काढत रेंगाळतात किंवा समोर दिसेल त्या पहिल्या राइडला उभे राहतात. आपण तसे न करता ज्या राइडची दुपारी सर्वांत मोठी रांग लागते तिच्याकडे आधी जावे. म्हणून पहिली नायट्रो, जी माणसाला सुमारे चाळीस मीटर उंच नेऊन उलटेपालटे करते. मग डीप स्पेस. जेवण बाराच्या आत किंवा थेट अडीचनंतर, कारण एक वाजता सगळे उद्यान जेवणाच्या रांगेत असते. कपडे भिजवणाऱ्या राइड उन्हाच्या वेळी. आणि जे खेळ एका वेळी शेकडो माणसांना आत घेतात ते शेवटी, त्यांची रांग कधी फार लांबत नाही.

देऊळगाव राजाहून खोपोली म्हणजे जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे असे करत सुमारे ४०० किलोमीटर. सकाळी नऊला दाराशी उभे राहायचे तर रात्रीच निघायला हवे. आम्ही संध्याकाळी आठला निघालो, पहाटे पोहोचलो, तोंड धुतले आणि साडेनऊच्या आत रांगेत लागलो. आराखडा अगदी ठरल्याप्रमाणे चालला. दुपारचे बारा वाजायच्या आत चार मोठ्या राइड झाल्या. पुतण्याची मान ताठ झाली होती, आणि आम्हीही त्याचे भरपूर कौतुक केले.

गडबड झाली ती पाण्यातल्या राइडपाशी. आराखड्यात अर्धा तास मागे पडलो होतो, म्हणून पुतण्या एकटाच पुढे जाऊन उभा राहिला. तो रांगेच्या तोंडाशी पोहोचला तेव्हा त्याने फोन केला आणि आम्ही आठ जण लोकांच्या अंगाला अंग घासत, "आमचा माणूस पुढे आहे हो," म्हणत शिरलो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसे आपण. आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. मागे दोन लहान मुलींना घेऊन एक गृहस्थ उभे होते. ते भांडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही किती जण आहात?" आम्ही म्हणालो, आठ. ते मुलींकडे वळून म्हणाले, "बेटा, अजून एक बोट थांबू या."

आता हा पाप-पुण्याचा प्रश्न आहे का? एवढ्या-तेवढ्यावरून मन खाऊ नये, असे आमच्यातल्याच काही जणांचे मत पडले. पण पुतण्या हिशेबाचा माणूस. परतीच्या वाटेवर त्यानेच कागदाच्या पाठीमागे आकडे मांडले. समजा, एका फेरीत वीस माणसे बसतात आणि दर तीन मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला चारशे माणसे. रांगेत दोनशे उभी असतील तर शेवटच्याला अर्धा तास लागणार. आम्ही आठ जण थेट तोंडाशी घुसलो. आमचा प्रत्येकी अर्धा तास वाचला, एकूण चार तास. आणि मागच्या दोनशे जणांपैकी प्रत्येकाला सव्वा मिनिटाच्या आत-बाहेर जास्त थांबावे लागले. सव्वा मिनिट कोणाला जाणवते? पण एक पूर्णांक दोन दशांश मिनिटे गुणिले दोनशे, म्हणजे दोनशे चाळीस मिनिटे. चार तास! जेवढे आम्ही मिळवले, अगदी तेवढेच त्यांनी गमावले. वेळ काही आकाशातून पडला नव्हता. तो दोनशे खिशांतून थोडा थोडा काढलेला होता, म्हणून कोणी ओरडले नाही.

मग सकाळी लवकर जाऊन पहिल्या फेरीत बसलो, तेही कोणाच्या खिशातूनच का? आमच्या मते नाही. सकाळी त्या गाड्या अर्ध्या रिकाम्या सुटत होत्या. आम्ही बसलो नसतो तर ती आसने तशीच फिरून आली असती. शिवाय जो सकाळी बसून मोकळा झाला तो दुपारच्या रांगेत उभा राहत नाही, म्हणजे दुपारी येणाऱ्याचे ओझे त्याने थोडे हलकेच केले. तेव्हा पहाटे उठण्याला कोणी स्वार्थ म्हणू नये. दुपारी मधे घुसणे ही वेगळी गोष्ट आहे, जरी दोन्ही एकाच आराखड्यात एकाखाली एक लिहिलेल्या होत्या.

आणि जादा पैसे भरून वेगळ्या रांगेने पुढे जाणे? ही सोय आता आपल्याकडच्या उद्यानांतही आलेली आहे. आमच्या हिशेबाने तेही मधे घुसणेच, फक्त पावती घेऊन. मागच्यांची मिनिटे तशीच जातात. पैसे मात्र त्यांना मिळत नाहीत. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांनी १९९९ साली 'फास्टपास' काढला तेव्हा तो फुकट होता: तिकिटाबरोबर सर्वांना मिळायचा, ठरलेल्या वेळी यायचे आणि छोट्या रांगेने आत जायचे. २०२१ साली तो बंद झाला आणि त्याच्या जागी विकत घ्यायची सोय आली. मायकेल सँडेल या अमेरिकन प्राध्यापकांनी पैशाने काय विकत घेऊ नये यावर २०१२ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे पहिले प्रकरणच रांग मोडण्यावर आहे. पूर्वी काही उद्याने जादा पैसे भरणाऱ्यांना मागच्या दाराने नेत असत, असे ते सांगतात. म्हणजे निदान लाज तरी होती. आता ती रांग सर्वांच्या डोळ्यांदेखत चालते.

याची मजल कुठवर जावी? मे २०१३ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली होती की न्यूयॉर्कमधली काही श्रीमंत कुटुंबे डिस्नेला जाताना एखाद्या अपंग व्यक्तीला तासाच्या भाड्याने सोबत नेतात, कारण अपंगांच्या कुटुंबाला रांगेशिवाय आत सोडत असत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने तो नियम बदलला. ज्यांना खरी गरज होती त्यांची सवलत त्यामुळे अधिक कटकटीची झाली. लबाडी केली कोणी आणि भोगले कोणी!

रांग ही वस्तू आपल्याला क्षुल्लक वाटते, कारण आपण तिच्यात जन्मभर उभे असतो. रेशनच्या दुकानासमोर माणसाऐवजी पिशवी उभी असते, टँकर येण्याआधी हंडे ओळीने लागलेले असतात. पण आमच्या तालुक्यात राहणाऱ्याला तरी रांग क्षुल्लक वाटू नये. संत चोखोबांचे जन्मगाव म्हणून मानले जाते ते मेहुणा राजा याच तालुक्यात आहे. खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखामेळा यांचेच नाव आहे. चौदाव्या शतकातला हा माणूस पंढरपूरला पोहोचला, पण त्याला देवळाच्या बाहेरच राहावे लागले. त्याची समाधीही महाद्वारासमोर, बाहेरच आहे. तो उशिरा आला होता असे नाही. रांगेत त्याला जागाच नव्हती. ते दार सर्वांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. आज आपण कुठल्याही रांगेशी जातो तेव्हा एकच प्रश्न विचारतो, "शेवटचे कोण?" कोणी हात वर करतो, आपण त्याच्यामागे उभे राहतो. जात नाही, गाव नाही, बापाचे नाव नाही. इतके साधे दुसरे काय आहे आपल्याकडे? म्हणून कोणी तिच्या शेजारी दुसरे दार उघडू लागला की आम्हांला, विशेषतः इथल्या माणसांना, थोडे कान टवकारावेसे वाटतात.

लवकर येण्याबद्दल आम्ही वर जे बोललो त्यातही एक भोक आहे, ते सांगितले पाहिजे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. संध्याकाळी आलेले मजूर आळशी होते असे त्यात कुठेच नाही; त्यांना कोणी कामाला लावले नव्हते एवढेच. उद्यानात दुपारी एकला येणारे कुटुंबही झोपूनच राहिलेले असेल असे नाही. आणि आम्ही जी पहाट गाठली ती तरी आमची होती का?

गाडीत आम्ही चौदा जण झोपलो होतो. पंधरावा जागा होता. आमच्या ड्रायव्हरदादांनी रात्रभर गाडी चालवली. आम्ही उद्यानात गेल्यावर त्यांनी गाडीतळावर, तापलेल्या पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न केला, पण झोप आली नाही. हे आम्हांला मागाहून कळले, कारण आम्ही विचारलेच नव्हते. संध्याकाळी सातला आम्ही दमून-भागून, हसत-खिदळत गाडीत बसलो आणि ते पुन्हा ४०० किलोमीटरसाठी चाकावर बसले. रात्री दोनच्या सुमारास, अहिल्यानगर सोडल्यावर, गाडी हळूच रस्त्याच्या कडेला सरकू लागली. पुढे बसलेल्या आत्या ओरडल्या, "दादा!" ते म्हणाले, "जागा आहे मी, जागा आहे." पुढचा ढाबा आला तशी आत्यांनी गाडी थांबवायला लावली. दादांना खाटेवर झोपवले आणि आम्ही चौदा जण दीड तास चहा पीत बसून राहिलो.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर, आमच्या शेजारच्या सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. त्या अपघाताच्या कारणांत शिरण्याचा इथे हेतू नाही. पण तेव्हापासून इकडच्या माणसाला रात्रीचा रस्ता पूर्वीसारखा दिसत नाही. त्या ढाब्यावर कोणी मोठ्याने काही बोलले नाही, तरी प्रत्येकाच्या मनात तेच होते. आपण आपली झोप मोडून पहिला नंबर मिळवला असे समजत होतो. मोडली होती दादांची झोप, आणि पणाला लागली होती लेकरे.

आजींचेही सांगायचे राहिले. भाची उंचीच्या पट्टीला चार बोटे कमी पडली, म्हणून मोठ्या राइडच्या वेळी दोघींना पिशव्यांपाशी बसवले होते. आराखड्याच्या कागदावर बारा जणांची नावे होती. या दोघींची नव्हती. दुपारी तीनला आम्ही जेवणासाठी परतलो तेव्हा आजींनी डब्यातली भाकरी भाचीला भरवून झाली होती. स्वतः आमच्यासाठी थांबल्या होत्या. "कंटाळा आला का?" असे विचारले तर म्हणाल्या, "नाही रे, माणसं पाहिली. लई माणसं पाहिली."

यंदा पुन्हा जायचे घाटते आहे. पुतण्या आता नोकरीला लागला, पण आराखडा तोच करणार. या वेळी त्याने सर्वांत वर लिहिले आहे: आदल्या दुपारी निघणे, खोपोलीत मुक्काम, दादांना खोली. परतीच्या आधीही एक रात्र. तिसऱ्या ओळीत आजी आणि भाची यांची नावे आहेत, आणि त्यांच्यासमोर कमी उंचीला चालणाऱ्या राइड. भाची आता बरीच वाढली आहे, तो भाग निराळा. जागा धरायची नाही, सगळे मिळून उभे राहायचे, हेही ठरले.

अडचण एकच आहे. दोन रात्रींच्या मुक्कामाने माणशी खर्च बराच वाढतो. चार घरांपैकी दोन घरांना तो झेपणार नाही, आणि ती स्वतःहून तसे सांगणार नाहीत, काहीतरी निमित्त काढून मागे राहतील. रात्रभर गाडी हाकली तर सगळे येऊ शकतात. वर्गणी काढावी तर त्या घरांना ते रुचेल का? आमच्यात यावर दोन रविवार बोलणे झाले, अजून एकमत नाही. नायट्रो वगळून जवळच्या ठिकाणी जाऊ या, असे आत्यांचे म्हणणे आहे. पोरे आत्यांशी बोलत नाहीत. येत्या रविवारी मिस्सानंतर पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि या वेळी दादांनाही चहाला बोलावले आहे.