आज्ञा, विवेक आणि स्वधर्म
अहिल्यानगर जिल्ह्याच्या मुख्य शहरात भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे, म्हणजे रणगाड्यांच्या दलाचे, प्रशिक्षणकेंद्र आहे, आणि याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली. त्यामुळे शिपायाने वरिष्ठापुढे केव्हा ठाम उभे राहावे, हा प्रश्न या भूमीला परका नाही. गीतेचा आधार सहसा आज्ञापालनासाठी घेतला जातो, परंतु अठराव्या अध्यायात कृष्ण सर्व सांगून झाल्यावर पूर्ण विचार करून इच्छेप्रमाणे वागण्याची मोकळीक अर्जुनाला देतो, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. स्वधर्म, म्हणजे आपल्या वाट्याला आलेले कर्तव्य, विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

हाच पेच इतिहासातही दिसतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या नाविक संदेशवहन प्रशिक्षणकेंद्रातील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा यांविरुद्ध काम थांबवले, तेव्हा गांधीजींनी त्यांना दोष दिला. नोकरी मानहानीची वाटत असेल तर ती सोडावी, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या स्वच्छ असला तरी अपुरा आहे, कारण सैनिकाला मनात येईल तेव्हा नोकरी सोडता येत नाही. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशी २३ फेब्रुवारीला शरण आले. आज्ञा आणि विवेक यांचा तोल कायद्यातही दिसतो: १९५० चा सेना अधिनियम आज्ञाभंगाला शिक्षा सांगतो, मात्र आज्ञा कायदेशीर असावी अशी अट घालतो, आणि त्याचेच कलम २६ अन्याय झालेल्या शिपायाला वरिष्ठाविरुद्ध तक्रार करण्याचा मार्ग देते.