जाब विचारणारं कोणी नसताना

पैसे घेऊन केलेल्या कामात खोट राहिली तर गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. टाकी गळली, कूलरची बॉडी तडकली, छपराचा पत्रा उन्हाने फाकला, की चार शब्द ऐकून घ्यावे लागतात आणि काम पुन्हा करून द्यावं लागतं. अकोल्याच्या एमआयडीसीत फायबरचं काम करण्यात माझी उमर गेली आणि सगळा वेळ माझ्या हातावर गिऱ्हाइकाची नजर होती. माझ्या कामात माझी सचोटी किती आणि त्या नजरेचा धाक किती, हा हिशेब मी कधी मांडला नाही. महानच्या धरणावरच्या मच्छीमारांची एक जुनी फायबरची नाव फुकट दुरुस्त करून द्यायचं मी कबूल केलं, तेव्हापासून तो मांडणं भाग पडलं आहे.

महान म्हणजे बार्शीटाकळी तालुक्यातलं काटेपूर्णा धरण. अकोला शहर याच पाण्यावर जगतं. उन्हाळा लागला की धरणात किती टक्के साठा उरला ते आम्ही रोज पेपरात वाचतो आणि नळ किती दिवसांआड येईल याचा अंदाज बांधतो. त्याच पाण्यात जाळी टाकून कटला, रोहू, मृगळ काढणाऱ्या भोई घरांचं साठा उतरल्यावर काय होतं, हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनात आला नव्हता. विदर्भातल्या कितीतरी तलावांवर माणसं आजही थर्माकोलच्या तुकड्यांवर नाहीतर हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. पूर्वी झाडाचं खोड कोरून डोंगा करत. आता तशी झाडंही नाहीत आणि कोरणारे हातही थोडे. अशा ठिकाणी फायबरची नाव, जुनी का असेना, एखाद्या घराला तारून नेते.

नाव माझ्याकडे आली तेव्हा वरून फार वाईट दिसत नव्हती. उन्हाने जेलकोटचा वरचा थर खडूसारखा पांढरा पडला होता, तळाला खरचटलं होतं, एका कुशीला फूटभर चीर होती. फायबरचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, ते कानाने ओळखावं लागतं. नाण्याने ठोकत गेलं की निरोगी अंग टणक बोलतं आणि थर सुटलेल्या जागी आवाज बसका येतो. मागच्या फळीला, जिथे इंजिन टांगतात, आवाज बसला. या फळीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपतं, बाहेरचं फायबर तसंच राहतं आणि आतलं लाकूड कुजतं. मी पटाशीने एक खिडकी कापली. आतून काळा, ओला भुसा बाहेर आला.

नाव ज्यांची, ते दादा शेजारीच बसले होते. म्हणाले, "काऊन येवढं खोदून रायले भाऊ? वरून दोन हात रंग मारला का चालते आमाले."

'चालते आमाले.' हे ते मनापासून म्हणत होते. माझा खर्च वाढू नये, माझा वेळ जाऊ नये, ही त्यात काळजी होती. आणि माझ्या मनाने त्या शब्दांना लगेच हात घातला, हे मला इथे लिहायचं आहे. पुट्टीचा डबा समोर होता. खिडकी बुजवून वर काचेच्या धाग्यांची एक मॅट टाकली असती आणि निळा रंग मारला असता, तर नाव नव्यासारखी दिसली असती. कोणी फोटो काढला असता, कुठेतरी छापूनही आला असता. त्या फळीवर इंजिनाचा जोर येऊन ती धरणाच्या मध्यावर तुटली असती, तरी दादांनी माझ्या दारात येऊन जाब विचारला नसता. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल गरीब माणूस तक्रार करत नाही; त्याला ती कृतघ्नता वाटते. म्हणजे मी दाम घेतला नाही, त्याबरोबर त्यांचा जाब विचारण्याचा हक्कही काढून घेतला. दान करताना एवढी मोठी वस्तू आपण समोरच्याकडून काढून घेतो, हे मला या वयात कळलं.

फळी मी पूर्ण फोडली. पण फोडली म्हणून मन स्वच्छ झालं असं नाही, कारण तिच्यामागोमाग दुसरे प्रश्न आले.

जुन्या पक्क्या झालेल्या फायबरला नवं रेझिन आपोआप एकजीव होत नाही. ते नुसतं पकड घेतं, आणि पकड घ्यायला जागा खरवडून कोरडी, तेलविरहित करावी लागते. मासळीचं तेल मुरलेल्या नावेत हे काम किचकट असतं. चिरेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पट लांब उतार घासावा, असा नियम आहे. म्हणजे सहा मिलिमीटरच्या अंगाला प्रत्येक बाजूने बहात्तर मिलिमीटर. एवढं घासलं की काचेची धूळ उडते, अंगाला टोचते, छातीत जाते. माझ्या हाताखाली एक पोरगा आहे. तो ग्राइंडर धरायचा तेव्हा तोंडाला रुमाल बांधायचा आणि मी ते रोज पाहत होतो. रुमालाने ही धूळ अडत नाही, रेझिनचा वास तर मुळीच अडत नाही. मच्छीमारांच्या जिवाचा एवढा विचार करणारा माणूस शेजारी उभ्या पोराच्या फुप्फुसाचा विचार का करत नव्हता? कारण त्या पोराचं भलं करताना कोणी मला पाहणार नव्हतं. दुसरं उत्तर मी शोधून पाहिलं, सापडलं नाही. आता त्याला चांगला मास्क आहे, घासण्याआधी जागा ओली केली जाते आणि धूळ पोत्यात भरली जाते. नाव धरणाच्या काठावरच घासून टाकू, असं सुरुवातीला ठरत होतं. ते मी होऊ दिलं नाही. ती काच पावसाने वाहून त्याच पाण्यात गेली असती जे अकोला पितं.

आणखी एक गोष्ट धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक ते दोन टाकतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा मिसळलेलं रेझिन ब्रश फिरवण्याआधी भांड्यातच जमतं आणि धूर सोडतं. मग कारागीर हार्डनर कमी करतो. थोडं कमी चालतं. फार कमी केलं तर वरून कडक दिसणारा थर आतून कायमचा कच्चा राहतो आणि नंतर कोणत्याही उपायाने पक्का होत नाही. यावर प्रामाणिक उपाय एकच, पहाटे अंधारात उठून थोडं थोडं काम करायचं. मी पहाटे उठतो. पण ज्या दिवशी अंग दुखतं त्या दिवशी हात हार्डनरची बाटली हलकीच तिरकी करू पाहतो, आणि मला थांबून स्वतःला विचारावं लागतं की हे पैसे घेतलेलं काम असतं तर?

असं स्वतःला विचारताना मला गाडगेबाबा आठवतात. ते आमच्या मुलखातले, शेंडगावचे. १९०८ साली त्यांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि एकीचीही मालकी त्यांनी स्वतःकडे ठेवली नाही. कीर्तनात ते उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत, ऐकणाऱ्याला उत्तर आपल्या तोंडाने द्यावं लागे. काम चालू असताना मी तसा स्वतःला उभा करतो. ही नाव कोणासाठी? मच्छीमारांसाठी. मग तिच्यावर तुझं नाव कशाला रंगवायचं? रंगवायचं मनात होतं, हे खरं आहे. आता रंगवणार नाही. त्या जागी दुसरं काही लिहायचं आहे, आणि ते सांगताना मला वर्धा नदीकडे जावं लागतं.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेच्या निमित्ताने एकत्र आलेले नातेवाईक तिच्यात होते. अकरा जण बुडाले. आमच्या वऱ्हाडात त्या आठवड्यात दुसरं बोलणं नव्हतं. नावेत माणसं जास्त होती असं सगळेच म्हणाले, मीही म्हणालो आणि विसरलो. आज माझ्या अंगणात नाव उलटी पडलेली असताना ते विसरता येत नाही. मासेमारीची नाव दोन-तीन माणसं आणि एक जाळं यांच्यासाठी असते. पण सणावाराला पाहुणे येतात, पोरं हट्ट धरतात, पलीकडच्या काठावर देवाला जायचं असतं, आणि धरणाच्या काठावर 'नाही' म्हणणारं कोणी नसतं. नाव भरली की तिची कड पाण्याच्या जवळ येते. मग एक जण उभा राहिला तरी तोल जातो. 'मी तर मच्छीमारांसाठी दुरुस्त केली होती' हे वाक्य त्या दिवशी माझ्या कामी येणार नाही. जिच्यात माणसं बसू शकतात तिच्यात माणसं बसणार, हे मला आधीपासून माहीत आहे.

म्हणून नावेच्या दोन्ही कुशींवर मोठ्या अक्षरांत लिहायचं ठरलं आहे: माणसं तीन. आसनांखालच्या पोकळीतला जुना फोम मी काढून टाकला. पाणी पिऊन तो दगडासारखा जड झाला होता. हा फोम असतो कशाला, तर नाव पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून. एक घनमीटर बंद पोकळी पाण्याखाली साधारण एक टन वजन पेलते, पण ती कोरडी असेल तरच. आधीची कित्येक वर्षं ही नाव या आधाराशिवाय धरणात जात होती आणि दादांना ते ठाऊक नव्हतं. कारण त्यांना ते कोणी दाखवलं नव्हतं. मी त्यांना बोलावून ओला फोम हातात दिला. त्यांनी तो दाबला, पाणी गळताना पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आम्ही घेऊनच फिरत होतो जी." त्यानंतर 'रंग मारला का चालते' हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं नाही. जाब कसा विचारायचा ते त्यांना आता कळलं आहे, आणि तो त्यांनी मलाही विचारावा अशी माझी इच्छा आहे. कोणत्या जागी किती थर टाकले, फळीत काय घातलं, कुठे अजून शंका आहे, हे सगळं मी कागदावर लिहून सही करून देणार आहे. बिल नसलं तरी सही असली पाहिजे.

दुरुस्तीच करू नये, असंही काही दिवस वाटलं होतं. पण नाही म्हणणंही इतकं सोपं नाही. लाकडाचा डोंगा कुजून मातीला मिळतो, फायबर मिळत नाही. फ्रान्समध्ये निकामी नौका गोळा करून मोडण्यासाठी २०१९ पासून वेगळी यंत्रणा चालते. तिच्या खर्चातला वाटा नव्या नौकांवर आकारलेल्या रकमेतून येतो. आपल्याकडे जुनी नाव काठावर पालथी पडून राहते आणि उन्हापावसात तिची काच सुटत राहते. शिवाय नाव मिळाली नाही तर दादा उद्या थर्माकोलवर बसतील. तेव्हा माझे हात झटकून टाकले म्हणून त्यांचा धोका कमी होत नव्हता, फक्त माझ्याकडून जात होता.

नाव अजून महानला गेलेली नाही. आधी उथळ पाण्यात ती काठोकाठ भरायची, तीन माणसांचं वजन ठेवायचं आणि ती तरंगते का ते दादांसमोर पाहायचं आहे. तरंगली नाही तर ती धरणावर जाणार नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. अकोला-अमरावतीत फायबरचं काम करणाऱ्या माझ्या भावांना एक विनंती आहे. अशी जुनी नाव तुमच्याकडे आली तर रंगाचा डबा उघडण्याआधी तिची मागची फळी फोडा आणि आसनाखालचा फोम दाबून बघा. पैसे घेणार नसाल तर दोनदा बघा.